वाड्याची बातमी

माझ्या हातून आजवर दोनच धंदे झाले. एक पोस्टमनची चाकरी, ती पस्तीस वर्षे चालली; दुसरा जागांच्या बातम्या देण्याचा, तो पस्तीस दिवसही टिकला नाही.

निवृत्त झाल्यापासून मी वर्तमानपत्र मागून वाचतो. आधी निधनवार्ता, मग 'जाहीर नोटीस'. पुण्याच्या पेठांत आयुष्य काढलेल्या माणसाला या दोन रकान्यांतून अर्धे गाव कळते. हे हेरून आमच्या आळीतला एक दलाल चहाला आला. "काका, तुम्ही काही विकायचं नाही. कुठल्या वाड्यात भाऊ भांडताहेत, कोण मुलाकडे परदेशी निघालंय, एवढंच सांगायचं. व्यवहार झाला की पाकीट घरपोच."

वकिली करणाऱ्या भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, २०१६ चा रेरा कायदा आहे. नोंदणी झालेल्या गृहप्रकल्पातला फ्लॅट विकायला मोबदला घेऊन मदत केलीत, तर एजंट म्हणून तुमचीही नोंदणी लागते. नसेल तर दिवसाला दहा हजार दंड."

"आणि जुना वाडा?"

"तो कुठे प्रकल्प झालाय अजून? ते कलम तुम्हाला लागायचं नाही. पण पैसे चेकने घ्या, आणि मिळकतीत दाखवा."

म्हणजे वाडा उभा आहे तोवर मी मोकळा!

मनात एक शंका मात्र होती. नगर भूमापन कचेरीत फी भरली की मालमत्ता पत्रक कुणालाही मिळते. मग दलाल मला पैसे कशाचे देणार? त्या पत्रकावर मालकाचे नाव असते. मालकीणबाईंना रात्री झोप लागत नाही, हे नसते. ते मला ठाऊक होते, कारण मनिऑर्डरी मोजून देताना लोक मला बसायला पाट देत.

शनिवार पेठेतल्या एका वहिनींचे यजमान गेले. मी बातमी दिली. नवव्या दिवशी दलाल त्यांच्या दारात!

वहिनींचे नुकसान झाले, असे मी म्हणणार नाही. मागच्या जिन्याच्या तीन पायऱ्या केव्हाच गेल्या होत्या, दीर सहीला तयार नव्हते. दलालाने ते जुळवून आणले, भावही बरा दिला. फक्त एकदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो माणूस दहाव्याच्या आधीच आला हो. त्याला कसं कळलं असेल?"

"पेपरात वाचलं असेल," मी म्हणालो.

पाकीट आले, रोख. मी ते उघडून मोजले, पुन्हा चिकटवले आणि पंचांगात ठेवले. दलालाला म्हटले, आता माझी दृष्टी अधू झाली, बारीक टाइप दिसत नाही.

गेल्या दिवाळीला वहिनींचा फराळ नव्या फ्लॅटमधून आला. चकल्या नेहमीसारख्याच खुसखुशीत. फराळाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. तो अजून आमच्या फळीवरच आहे.