न्हाणीघराचा तळ

न्हाणीघराची फरशी पाणी अडवते, असा आपणां मध्यमवर्गीयांचा एक ठाम समज आहे. घासूनपुसून लखलखीत केलेली फरशी पाहिली की तो अधिकच पक्का होतो. वस्तुतः फरशी अडवते ती आपली नजर. दोन फरश्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यांतून पाणी रोज थोडेथोडे खाली झिरपतच असते. त्याला खरोखर अडवतो तो फरशीखालचा, कोणालाही न दिसणारा थर. तो थकला की त्याची वार्ता वरच्यांना लागत नाही; खालच्यांना लागते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. वय 81, आणि घरात दुसरे कोणी नाही. एके दिवशी त्यांची चिठ्ठी वर आली : 'आपले स्नान साडेसातला होते. माझेही त्याच वेळी, आपल्याच पाण्याने, होते. ते थोडे ऊन मिळाल्यास उपकार होतील.'

चिठ्ठी वाचून आम्ही पोट धरून हसलो. मग मी खाली गेलो आणि हसू कुठल्या कुठे गेले. छताचे पोपडे निघालेले, एका जागी स्लॅबची सळई उघडी पडून गंजलेली, खाली बादली ठेवलेली आणि भोवतालची जमीन निसरडी. त्या जमिनीवरून मास्तर भिंत धरून चालत होते.

मेस्त्रीने वर येऊन पाहिले आणि निकाल दिला, "सगळी फरशी काढावी लागेल."

"एकसुद्धा फरशी फुटलेली नाही, आणि तुम्ही सगळ्याच फोडायला निघालात?" सौभाग्यवती म्हणाली. त्या निळ्या फरशा तिने तीन दुकाने पालथी घालून आणल्या होत्या.

"वहिनी, नुसते सांधे भरून देतो. पैसे थोडेच लागतील. पण मास्तरांना पावसाळ्यापर्यंतच बरं वाटेल."

यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा सुरू झाला.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडेही नुकतेच हेच प्रकरण झाले. तिकडे या तळाला चक्क 'पॅन' म्हणतात! फरशीखाली जाड प्लास्टिकच्या कापडाचे पसरट तबक करायचे, त्याचे काठ भिंतीवर चढवायचे, आणि झिरपलेले पाणी वाहून जावे म्हणून मोरीच्या तोंडाभोवती बारीक भोके ठेवायची. पूर्वी ही तबके शिशाची असत. त्याचे घर लाकडी. त्यामुळे तबक फाटले तेव्हा खालच्या तुळयाच कुजल्या. आपल्याकडे बहुधा स्लॅबच तेवढ्या भागात खाली घेतलेला असतो. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा, मोरीकडे उतार आणि वर पाणीबंद लेप. भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता गोल करायचा आणि लेप भिंतीवर फूटभर चढवायचा. कारण पाणी दगा देते ते बहुधा कोपऱ्यात. आमच्या मूळ बांधणाऱ्याने हा लेप जमिनीच्या कडेलाच थांबवला होता.

जाता जाता एक गंमत सांगतो. मोरीच्या तोंडाशी जो भाग बसवतात, ज्यात साचलेले पाणी गटाराचा वास अडवते, त्याला हिंदुस्थानभरचे नळवाले आणि इंग्रजी सूचीपत्रेही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी अशी देशभर पोचली आहे.

काम चालू असता आंघोळीचा प्रश्न आलाच. तो मास्तरांनी सोडवला. "वर पाणी वापरायचं नाही ना? मग माझं छत गळणार नाही. या खाली." सकाळी आम्ही चौघे टॉवेल, साबण घेऊन जिन्याने उतरायचे. मास्तरांनी पाटीवर वेळापत्रकच लिहिले होते. धाकट्याच्या नावापुढे 'पाच मिनिटे' असे लिहून खाली रेघ मारली होती. तिसऱ्या दिवसापासून चहाही तिकडेच होऊ लागला.

लेप वाळल्यावर परीक्षा. मोरीचे तोंड बंद केले, दाराशी विटांचा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरले. भिंतीवर खडूने खूण केली. 48 तास तसेच ठेवायचे. शेजारी मेस्त्रीने एक भरलेली बादली ठेवली आणि तिच्यातही खूण केली. हे कशाला, ते मला कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तर काठी टेकत वर आले. खडूची खूण पाहून म्हणाले, "केसभर उतरलं आहे."

मेस्त्रीने बादली पुढे सरकवली. तीही केसभरच उतरली होती. "हे हवेनं प्यायलेलं, मास्तर."

मास्तरांनी चष्मा लावून दोन्ही खुणा पुन्हा पाहिल्या. मग आम्ही सगळे खाली जाऊन छताकडे माना वर करून उभे राहिलो. मेस्त्री स्टुलावर चढला आणि जुन्या ओलीच्या डागावर त्याने तळहात टेकला. हात कोरडा होता. उघड्या सळईची डागडुजी त्याने दुसऱ्याच दिवशी हाती घेतली.

आमच्या फरशा त्यानंतर चार दिवसांत बसल्या. या वेळी रंग मास्तरांना विचारून ठरला.