चौसष्ट फोटो आणि एक तक्ता



आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. आईवडिलांबरोबर ती मुंबईहून आली. तेव्हा तिच्यात कपडे होते, आता फोटो आहेत. मोजले तर 64 भरले. काहींच्या मागे "अलिबाग, 1958" एवढेच लिहिलेले, बऱ्याच फोटोंवर तेवढेही नाही. मुले विचारायची, हे कोण? मी सांगायचो, "आपल्यातलेच कोणीतरी."

2022 च्या पेसाहनंतर माझी नात म्हणाली, "सबा, तुलाच माहीत नाही, तर मला कोण सांगणार?" (हिब्रूत अहोजाहो नाही, म्हणून आमची नातवंडे सर्वांनाच अरेतुरे करतात!) मला उत्तर सुचले नाही. तिने तिथेच कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाली, चल, एक्सेलमध्ये तक्ता करू.

एक्सेल म्हणजे काही मोठी विद्या नाही. किराणा दुकानदाराची वही असते ना, आडव्या ओळी आणि उभे रकाने, तेच हे. एका फोटोला एक ओळ. रकाने आम्ही पाच केले: फोटोचा नंबर, मागे काय लिहिले आहे, फोटोत कोण आहे, कोणाला माहीत असेल, आणि शेवटी "झाले" की "राहिले". तोच नंबर प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलकेच लिहिला. आमच्या कॉम्प्युटरवर हिब्रूमुळे पहिला रकाना उजवीकडे होता. मराठी लिहायला ते उलटे वाटू लागले, तर नातीने एक बटण दाबून सगळा तक्ता डावीकडून सुरू केला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 1900 सालाच्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून समजत नाही. आमच्या आजोबांचा जन्म 1897 चा. त्यासाठी आम्ही सालाचा वेगळा रकाना केला आणि तिथे नुसता आकडा लिहिला.

मग मी फोन करू लागलो. अश्दोद, लोद, रामले, जिथे जिथे आपली माणसे आहेत तिथे. अलिबागच्या इस्राएल आळीतले घर एकाने ओळखले, मलिद्याच्या ताटाभोवती बसलेल्या बायका दुसरीने ओळखल्या. नाव कळले की मी ओळीपुढे "झाले" लिही.

मध्येच एक घोटाळा केला. नावे बाराखडीप्रमाणे लावावी म्हणून मी तो एकच रकाना निवडला आणि हुकूम दिला. कॉम्प्युटरने काहीतरी विचारले, मी न वाचताच एक पर्याय निवडला. नावे हलली, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. आजीच्या लग्नाच्या फोटोपुढे शाळेची फुटबॉल टीम! वर फाईल सेव्ह करून बंदही केली. नशीब, दर शुक्रवारी शब्बाथच्या आधी मी मुलाला फाईल ई-मेलने पाठवत असे, ती कामास आली. तेव्हा लावालावी करायची तर सगळा तक्ता निवडून करावी, आणि एक प्रत नेहमी दुसऱ्याच्या घरी असावी.

रोश हशानापर्यंत 64 पैकी 41 झाले. मी फार खूष. आल्यागेल्याला आकडा सांगायचो.

उरलेल्या 23 पैकी 9 फोटोंपुढे एकच नाव होते: माझी दिमोनाची मावशी. वय 91. आईच्या माहेरची ती शेवटची. तिच्याकडे जायचे म्हणजे बेर शेवाला उतरून दुसरी बस धरायची, आणि माझा गुडघा दुखत होता. फोन केला तर म्हणाली, "अरे, सुक्कोथ झाल्यावर ये. घाई कसली? मी काय कुठं पळून चालले?" तिच्या मुलीच्या मोबाईलवर फोटो पाठवले. तीन तिने ओळखले. म्हणाली, बाकीचे नीट दिसत नाहीत, तू पेटीतलेच घेऊन ये, हातात धरून बघते.

सुक्कोथ झाला. मी जवळचे, सोपे फोटो उरकत राहिलो. कारण "झाले" लिहिले की बरे वाटते. हनुक्काच्या आधी मावशी गेली.

शिवा झाल्यावर मी तक्ता उघडून बसलो. चूक एक्सेलची नव्हती. किती झाले हे तक्ता मला रोज सांगत होता. काय थांबू शकत नाही हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते. नातीने दोन रकाने वाढवले: "आणखी किती जणांना माहीत" आणि "कधी जायचे". मग ज्या फोटोला एकच माणूस, तो सर्वांत वर, आणि त्यापुढे पक्की तारीख. राहिलेले 14 फोटो 2023 च्या पेसाहपर्यंत पुरे झाले. या वेळी गुडघा दुखला तरी गेलो.

आता 58 ओळी भरल्या आहेत. 6 रिकाम्या. नातीने विचारले, "सबा, ह्या काढून टाकू?" मी म्हटले, नको. असू दे. कुणीतरी पाहील, कुणीतरी ओळखेल. नाहीच ओळखले, तरी तिथे माणसे होती एवढे तरी कळेल.

मुलांनो, तुमच्या घरीही अशी पेटी किंवा आल्बम असेलच. या शब्बाथनंतर आजीआजोबांजवळ बसा. कॉम्प्युटर नसला तर वहीवर रेघा मारा, चालेल. आणि माझ्या वयाच्या बंधुभगिनींनो, कुणी विचारायला आले तर "नंतर ये" म्हणू नका. चष्मा लावा आणि सांगा.