मम्मीचा फ्रीजर, पप्पांचे मासे

"अगं, हे काय आहे?"

रविवारची सकाळ, किचनमधून रूममेटची किंकाळी. मी पांघरुणातच ओळखलं, हिने फ्रीजर उघडला. बाईसाहेबांना पुलावासाठी मटार हवे होते आणि हातात आली एक प्लॅस्टिकची पिशवी. आत बोटाएवढे सहा मासे. मिठात माखलेले, डोळे सताड उघडे.

"कॅटफिशसाठी आहेत," मी म्हटलं.

ती भीती विसरून हसायलाच लागली. तिच्या डिक्शनरीत कॅटफिश म्हणजे डेटिंग अ‍ॅपवर खोटा फोटो लावून गंडवणारा. 2010 मध्ये त्या नावाची डॉक्युमेंटरी आली आणि बिचाऱ्या माशाचं नाव कायमचं खराब झालं. पण मी पडले नंदुरबारची. माझ्यासाठी कॅटफिश म्हणजे तापीतला शिवडा. लांब मिशा, अंगावर एकही खवला नाही. तो कुणाला गंडवत नाही. उलट त्यालाच गंडवायचा प्रयत्न पप्पा गेली तीस वर्षं करताहेत.

पप्पा शाळामास्तर. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे दुपारी दोनला स्कूटर प्रकाशाच्या रस्त्याला. तिथे गोमाई तापीला मिळते. गावाला दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे देवळांचा घाट सोडून बरंच पुढे जाऊन ते गळ टाकायचे. प्रॉब्लेम एकच होता. गळाला लावायला छोटे मासे हवेत, ते पहाटे उथळ पाण्यात मिळतात, आणि पहाटे जायला वेळ फक्त रविवारी. म्हणजे रविवारी पकडलेली चिलापीची पिल्लं शनिवारपर्यंत टिकवायची. कुठे? अर्थात मम्मीच्या फ्रीजरमध्ये!

घरात दोन पक्ष पडले होते. मम्मी म्हणायची, "माझ्या घरात ते मढं ठेवायचं नाही." पप्पा काही बोलायचे नाहीत. ते तसेही कमीच बोलतात.

2007 च्या सुमाराची गोष्ट. मी चौथीत होते. ते दिवस भारनियमनाचे. लाइट तासन् तास जायची. बर्फ वितळायचा, पुन्हा गोठायचा, पुन्हा वितळायचा. एका शनिवारी फ्रीज उघडला आणि असा वास सुटला, की शेजारच्या काकू "काय व्हयनं माय?" म्हणत धावत आल्या. मम्मीने सगळी पुडी उकिरड्यावर फेकली. पप्पा त्या दिवशी नदीवर गेलेच नाहीत.

आणि मग ते मिठाकडे वळले. आपल्या बाजारात सुकट नि बोंबील फ्रीजशिवाय टिकतातच की!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात अर्धवट उठतो, शब्द अडकत येतात. पहाटे पाण्यात उतरणं संपलं. आता चुलतभाऊ महिन्यातून एक-दोनदा त्यांना बाइकवरून काठावर नेऊन बसवतो. पण गळाला लावायला मासे कोण साठवणार? मी म्हटलं, मी. आणि आधी पुण्यात रंगीत तालीम घेतली.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मासे धुतले, तसेच ओले फ्रीजरमध्ये टाकले. बाहेर काढल्यावर नुसता लगदा. पप्पांना फोन लावला. आमचा फोन म्हणजे "जेवलीस का?" आणि लगेच "घे, मम्मीशी बोल." त्या दिवशी मात्र ते तब्बल चाळीस मिनिटं बोलले. एकेक शब्द शोधत, थांबत थांबत. मी एकदाही मध्ये वाक्य पूर्ण केलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. मासे अख्खेच ठेवायचे, पोट फाडायचं नाही. जुन्या पेपरवर पार कोरडे करायचे. घरातल्या फ्रीजरमध्ये मासा हळूहळू गोठतो, त्यामुळे आतल्या पाण्याचे मोठे मोठे स्फटिक होतात आणि ते मांस फाडतात. म्हणून आधी जाडं मीठ. मिठाचा थर, माशांचा थर, पुन्हा मीठ. रात्रभर चाळणीत, खाली भांडं. सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा टिपायचं. मग चार-चारच्या चपट्या पुड्या, हवा काढून. मीठ मुरलेला मासा फ्रीजरमध्ये दगड होत नाही, वाकतो, आणि गळावर घट्ट बसतो. एकदा बाहेर काढलेली पुडी पुन्हा आत नाही.

"वास जाऊ... द्यायचा नाही," ते म्हणाले. मी नंतर वाचलं. कॅटफिशच्या मिशांवरच नाही, कातडीवरही चव कळणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा चवीवर जगतो. आणि चिलापी ही मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. नदीत फोफावली आहे, तिची पिल्लं वापरल्याचं वाईट वाटायला नको. शिवड्याचं वेगळं. तो आता जगाच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. पप्पा पावसाळ्यात अंड्यांवर आलेली मादी पूर्वीपासून सोडून देतात, यादी न वाचताच.

मागच्या महिन्यात घरी गेले. बारा पुड्या केल्या, एक घेऊन प्रकाशाला गेलो. पप्पांनी डाव्या हाताने मासा चाचपला, वाकवून पाहिला, वास घेतला. गळाला मी लावला. तास झाला, दीड तास झाला. शिवडा काही आला नाही. पप्पांनी दोरी ओढायला सांगितली. मासा होता तसाच होता.

"टिकला," ते म्हणाले. मग वहीवर शेरा मारावा तसं, "साधारण... बरं."

मास्तरांकडून इतकं मिळालं तर पहिला नंबर समजायचा असतो.

परत येऊन उरलेल्या पुड्या ठेवायला फ्रीजर उघडला. मम्मीने बर्फाचे ट्रे एका बाजूला सारून अर्धी जागा मोकळी केली होती. वर्तमानपत्राचा कागदही अंथरून ठेवला होता.

"वास आला तर फेकीन," ती म्हणाली.