सावलीचें माप

वैशाख लागला कीं आमच्या अंबरनाथ पश्चिमेस घरोघरीं एकच तक्रार ऐकूं येते. गॅलरींतला उष्णतामापक ४५ अंश दाखवितो आणि वर्तमानपत्रांत ३८ छापलेले असतात! मग वेधशाळा खोटें सांगते, असा पुष्कळांचा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह दूर करणें अगत्याचें आहे. कारण त्यांतील मर्म न कळल्यास प्रसंगीं तें जिवावर बेततें.

उष्णतामापक वस्तुतः हवेची नव्हे, स्वतःची उष्णता सांगतो. जास्वंदीचें फूल शेजारीं ठेवलें असतां शुभ्र स्फटिक तांबडा भासतो, हा शास्त्रकारांचा दृष्टांत मीं वर्गांत अनेकदां दिला आहे. गॅलरींतील यंत्राची गत तीच. त्याच्यावर ऊन पडतें, दुपारभर तापलेली भिंत आपली धग त्याला देते, आणि तें सारें हवेच्या नांवावर खपतें.

यावर स्कॉटलंडांतील दीपगृहांचे इंजिनियर थॉमस स्टीव्हन्सन यांनीं १८६४ च्या सुमारास एक साधी युक्ति काढली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे वडील. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी, तिला चोहों बाजूंनीं तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती! ऊन आंत शिरत नाहीं, वारा मात्र खेळता राहतो. पेटी मोकळ्या जागीं, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. आपल्याकडे तिचें दार उत्तरेस असतें, म्हणजे उघडतांनाही यंत्रावर ऊन पडत नाहीं. हल्लींच्या स्वयंचलित केंद्रांत पाऱ्याऐवजीं बहुधा प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशास तिचा विद्युत्-रोध १०० ओहम असतो, आणि दर अंशास तो सुमारें ०.३९ ओहम वाढतो. तिच्याभोवतीं उपड्या बशांची उतरंड रचावी तसें पांढरें आवरण असतें. साधन बदललें, तत्त्व तेंच: सावली आणि वारा.

नवें यंत्र चुकतच नाहीं, असेंही नव्हे. ३० मे २०२४ रोजीं नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविले. तो यंत्राचा दोष असल्याचें हवामानखात्यानें पुढें स्पष्ट केलें. राजस्थानांत फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंशांची नोंद झाली होती, हें ज्यांस ठाऊक होतें ते ५६ चा आंकडा ऐकतांच साशंक झाले असतील.

तथापि गॅलरीवाल्यांचें म्हणणें अगदींच निरर्थक नाहीं. वेधशाळेचा आंकडा सावलींतील हवेचा असतो, उन्हांत उभ्या राहिलेल्या माणसाचा नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं आपल्याच जिल्ह्याशेजारीं, खारघरच्या मैदानावर भर उन्हांत मोठा समारंभ झाला. सरकारी आंकड्याप्रमाणें त्यांत १४ माणसें उष्माघातानें दगावलीं. त्या दिवशीं नोंदलेलें उष्णतामान सुमारें ३८ अंशच होतें! दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं, आणि डोक्यावरचें ऊन तर त्या पेटींत मोजलेंच जात नाहीं.

म्हणून ३८ हा आंकडा खरा मानावा, पण तो आपला मानूं नये. तो छत्रीखालीं उभ्या असलेल्या हवेचा आहे. माझ्यासारख्या साठी उलटलेल्यांनीं तर दुपारचीं कामें सकाळींच उरकावींत. आणि निघणें भागच पडलें, तर जी छाया आपण यंत्राला देतों, ती स्वतःच्या मस्तकालाही द्यावी.