छायाचित्र सौजन्य : इंटरनेट

सबमिशनचा महिना आला की आपल्या होस्टेलवर दोन गोष्टींचा तुटवडा पडतो. एक म्हणजे झोप आणि दुसरी म्हणजे कलर प्रिंटरची शाई! रिपोर्ट जितका जाड तितके मार्क जास्त, हा समज सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे चालत आलेला आहे आणि रिपोर्ट जाड करायचा सोपा उपाय म्हणजे फोटो. त्या फोटोखाली काही लिहिलेलं असलंच, तर एक ठरलेली ओळ असते. 'सौजन्य : इंटरनेट'.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'सौजन्य' हा शब्द मला चक्क शब्दकोशात बघावा लागला. अर्थ निघाला चांगुलपणा, सभ्यपणा. म्हणजे कुणीतरी चांगुलपणाने आपली वस्तू वापरू दिली, म्हणून त्याचं नाव घ्यायचं. मग हा इंटरनेट नावाचा सभ्य गृहस्थ कोण? 'सोर्स : गूगल' लिहिणं म्हणजे घरी आलेलं पत्र पोस्टमनने लिहिलं असं सांगण्यासारखं आहे. त्याने बिचाऱ्याने ते फक्त आणून दिलं!

मजकुराच्या बाबतीत आपण आता सावध झालोय. वाङ्मयचौर्याविषयी यूजीसीचे २०१८ सालचे नियम आले, साम्य शोधणारं सॉफ्टवेअर आलं. त्या धाकाने का होईना, वाक्यापुढे संदर्भाचा क्रमांक पडायला लागला. पण ही सॉफ्टवेअर मुख्यतः शब्द जुळवतात. फोटो, व्हिडिओ आणि आवाज त्यांच्या हाताखालून सहज निसटतात. म्हणजे इथे पोलीस नाही, फक्त आपण आहोत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फोटोसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यासाठी सिव्हिलच्याच काय, सगळ्याच ब्रँचच्या ओळखीचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्याने पिळवटून खाली कोसळला. त्याची फिल्म आपण सगळ्यांनी वर्गात पाहिली आहे. ती कोणी काढली, हे किती जणांना माहीत आहे? टॅकोमात कॅमेऱ्याचं दुकान चालवणारे बार्नी एलियट आणि हार्बिन मनरो यांनी! १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाली.

खरी गंमत पुढेच आहे. मूळ फिल्म सेकंदाला १६ चित्रं या वेगाने काढलेली होती. पुढे तिच्या ज्या व्हिडिओ प्रती फिरल्या, त्या सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने. म्हणजे पूल प्रत्यक्षात हलत होता त्याच्या दीडपट वेगाने पडद्यावर हलतो! डॉनल्ड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'द फिजिक्स टीचर' या नियतकालिकात हे दाखवून दिलं. व्हिडिओत मोजलं तर मिनिटाला १८ पीळ दिसतात. पण त्या दिवशी पुलावर हजर असलेल्या प्रा. फर्क्वारसन यांची नोंद मिनिटाला १२ ची आहे. आता कुणी त्या क्लिपवर स्टॉपवॉच लावून फ्रिक्वेन्सी काढली, तर ०.२ ऐवजी ०.३ हर्ट्झ येणार. गणित बरोबर, उत्तर चूक! म्हणून 'टॅकोमाचा व्हिडिओ' एवढंच लिहून भागत नाही. कोणती प्रत, कोणी प्रसिद्ध केलेली, कितव्या मिनिटाला, हे लिहिलं तरच वाचणाऱ्याला आपली चूक पकडता येते. संदर्भ हा नुसता नमस्कार नाही, तो तपासायचा रस्ता आहे.

हे अमेरिकेचं झालं. आपल्या लायब्ररीतही असा एक नमुना आहे. फायनल इयरचे जुने रिपोर्ट चाळताना मला तीन वेगवेगळ्या वर्षांच्या रिपोर्टमध्ये एकाच फुटलेल्या काँक्रीट क्यूबचा फोटो सापडला. तोच तडा, तोच उडालेला कोपरा. एकात तो एम-२० होता, दुसऱ्यात एम-२५ आणि तिसऱ्यात एम-३०. प्रत्येक वर्षी बिचाऱ्याचं प्रमोशन! तिन्ही ठिकाणी मथळा एकच, '२८ दिवसांनंतरची चाचणी'. मी फोटोची झेरॉक्स घेऊन लॅबमधल्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि क्षणात सांगितलं,

"हा तर मीच काढलेला. एम-ट्वेंटी आहे, सात दिवसांचा. त्या पोरांना घाई होती."

"काका, इतक्या वर्षांनी कसं आठवतं?"

"अगं, क्यूब मी भरला, मशीनवर मी ठेवला, फोटो मी काढला. मला नाही आठवणार तर कोणाला?"

सात दिवसांच्या काँक्रीटची ताकद साधारण २८ दिवसांच्या दोन-तृतीयांश असते, हे सेकंड इयरचं पोरही सांगेल. तेव्हा तो फोटो पुरावा म्हणून कुचकामी होता. त्याखाली फक्त काकांचं नाव आणि तारीख असती, तर कुणालाही जाऊन विचारता आलं असतं. आमच्या ग्रुपच्या रिपोर्टमध्ये त्यांनी काढलेले चार फोटो आहेत. खाली नाव टाकते म्हटल्यावर ते म्हणाले, "माझं कशाला? सरांचं टाक." आम्ही त्यांचंच टाकलं. बाइंडिंग झाल्यावर त्यांनी ते पान दोनदा उलटून पाहिलं आणि काही न बोलता चहा सांगितला.

हाताखाली राबणाऱ्या माणसाचं नाव गळणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. डीएनएचा तो प्रसिद्ध 'फोटो ५१' लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मे १९५२ मध्ये काढला गेला. पूर्वी श्रेय वॉटसन आणि क्रिकलाच मिळायचं. मग रोझलिंड फ्रँकलिनचं नाव घेतलं जाऊ लागलं, ते योग्यच झालं. पण फोटो प्रत्यक्ष घेणारा होता तिच्या हाताखाली पीएचडी करणारा रेमंड गॉसलिंग. आपल्यासारखाच एक विद्यार्थी! किती पुस्तकांत त्या फोटोखाली त्याचं नाव असतं, जरा बघा.

आणि हे नीट कसं करावं, याचा नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येऊ लागल्या. तिथे ओवी ऐकताना खाली गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि ध्वनिमुद्रणाची तारीख वाचायला मिळते. सातबाऱ्यावर जिचं नाव कधी लागलं नसेल, त्या बाईचं नाव तिच्या आवाजाखाली आहे. मला तरी याहून चांगली संदर्भसूची माहीत नाही.

आता कामाचं बोलू. आकृतीखाली क्रमांक, ती काय दाखवते, कोणी काढली, कधी, आणि चौकटी कंसात संदर्भाचा क्रमांक. शेवटच्या यादीत पूर्ण तपशील. व्हिडिओ किंवा ध्वनिफीत असेल तर करणाऱ्याचं नाव, शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, पत्ता, आपण कधी पाहिलं ती तारीख आणि नेमकं मिनिट-सेकंद. दुसऱ्याची आकृती आपण नव्याने काढली तरी 'अमुकवरून रेखाटलेली' असं लिहायचं, कारण रेघा आपल्या असल्या तरी डोकं त्याचं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा फोटो असेल तर परवान्याचं नावही द्यायचं. स्वतः काढलेला असेल तर तसं बिनधास्त लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही! चित्र एआयकडून करून घेतलं असेल तर तेही सांगा, आणि ते पुरावा म्हणून वापरू नका. एक लक्षात ठेवा, नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या पेपर जर्नलला पाठवाल तेव्हा दुसऱ्याच्या आकृतीसाठी नुसतं नाव पुरणार नाही, परवानगीही लागेल.

फोटो मूळ कुठला हे शोधूनही सापडत नसेल तर? मग तो वापरूच नका. उठा, लॅबमध्ये जा आणि दुसरा काढा. मोबाइल आहे, क्यूब आहे, काकाही आहेत. फक्त क्यूबवर तारीख घालायला विसरू नका!