काशीपलीकडचे डोंगर

वाराणसीला पोस्टिंग झाल्याचं कळवलं की गावाकडून दोनच प्रश्न येतात. गंगाजल कधी पाठवतोस, आणि आम्ही आलो तर राहायची सोय होईल का? डोंगरांचं कुणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? छावणीपासून घाटापर्यंत जमीन ताटासारखी सपाट. पहाटे ३९ गोरखा ट्रेनिंग सेंटरची रिक्रूट पोरं रस्त्याने पळताना दिसतात, तेव्हा माझ्या मनात नेहमी येतं की डोंगरातल्या या पोरांना पहिलं पोस्टिंग मिळालं ते असं इस्त्री केलेल्या मुलखात.

पण रामनगरच्या पुलावरून गंगा ओलांडून चकियाच्या रस्त्याला लागलं, की दीड तासात क्षितिजावर एक निळसर रेघ उमटते. ती कैमूरची रांग, विंध्याचाच भाग. काशीचे घाट याच डोंगरांच्या दगडाचे. सारनाथचा सिंहस्तंभही चुनारच्या वालुकाश्माचा. अर्धी काशी ज्या दगडावर उभी आहे, त्या डोंगरात काशीला येणारा माणूस सहसा जात नाही. आम्ही जायचं ठरवलंय. येत्या नोव्हेंबरात, दहा जण, चार दिवस.

आधी बेत वेगळा होता. आमच्या कोर्सला एनडीएतून पासआउट होऊन यंदा पंचवीस वर्षं झाली, म्हणून कुणीतरी ग्रुपवर व्हिएतनामचं काढलं. उत्तरेकडे सापाच्या डोंगरात भातशेतीच्या पायऱ्यांमधून चालायचं, गावात राहायचं, जमलं तर फान्सिपान करायचा. ३१४७ मीटर, व्हिएतनामातलं सर्वांत उंच शिखर. फोटो बघून सगळे हरखले. मग एकाने माहिती काढली की तिथे २०१६ पासून केबलकार आहे. त्यावर अर्ध्या लोकांचा उत्साह वाढला आणि अर्ध्यांचा मावळला. शेवटी निकाल लावला तो आमच्यासारख्या अजून वर्दीत असलेल्यांनी. खासगी परदेशवारीला आधी परवानगी लागते, आणि ती तारखेच्या आत हातात पडेल याची खात्री मी तरी देणार नव्हतो. मी म्हटलं, माझ्याकडे या. डोंगर मी दाखवतो.

ज्याने तोंड उघडलं त्याच्याच गळ्यात काम, हा फौजेतला जुना रिवाज.

नियोजन म्हटलं की आम्हा लोकांचा हात आपोआप ॲप्रिसिएशन लिहायला लागतो. उद्देश, घटक, पर्याय, योजना. अकादमीत हे इतकं घोटून घेतात की माझी बायको म्हणते, तुम्ही भाजी आणायलासुद्धा असंच जाता. पण यातली पहिली ओळ, उद्देश, ही सर्वांत अवघड. मी ग्रुपवर लिहिलं: 'दहा जणांनी चार दिवस कैमूरच्या पठारावर चालून दहा जणांनी परत येणे.' लगेच गनरचं उत्तर आलं, यात विजयगड कुठे आहे? मी म्हटलं, तो पर्यायात आहे. दोन दिवस यावर वाद चालला. किल्ला गाठणं हा उद्देश धरला तर दुखऱ्या गुडघ्याचा माणूस अडथळा ठरतो. सगळ्यांनी परत येणं हा उद्देश धरला तर त्याच गुडघ्याच्या हिशेबाने रस्ता आखावा लागतो. योजना इथेच फिरते, नकाशा नंतर येतो. मी माझी ओळ बदलली नाही.

सप्टेंबरात दोन रविवार जाऊन रेकी केली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर आधी फसवे वाटतात. उंची फार नाही, पठार तीन-चारशे मीटरचं, सिंहगडापुढे किरकोळ. पण सह्याद्रीच्या गडावर कातळात खोदलेली टाकी असतात, त्यांत उन्हाळ्यातही पाणी सापडतं, आणि आपल्याला त्याची सवय झालेली असते. इथे पाऊस थांबला की धबधबे बारीक होत जातात. राजदरी आणि देवदरी पावसाळ्यात कानठळ्या बसवतात, होळीच्या सुमाराला नुसता ओला कातळ उरतो. शिवाय ओला वालुकाश्म बेसॉल्टसारखा बूट धरून ठेवत नाही. शेवाळ आलं की काच.

ओढ्यांचं आणखी एक. वर पठारावर पाऊस पडतो, खाली ऊन असतं, आणि पाणी एकदम येतं. लखनिया दरीला सहलीला गेलेली माणसं वाहून गेल्याच्या बातम्या इथल्या पेपरात पावसाळ्यात येतात. म्हणून नोव्हेंबर असला तरी नियम पक्का: कोरड्या नाल्यात, कितीही मऊ वाळू दिसली तरी, तंबू नाही. वाळलेल्या फांदीखाली नाही, आणि जनावरांच्या पाणवठ्याच्या वाटेवरही नाही.

जनावर म्हणजे मुख्यतः अस्वल. सोबत आलेल्या वनरक्षकाने सांगितलं की मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा पहाटे अस्वल आणि फुलं वेचायला आलेल्या बाया एकाच झाडाखाली येतात. तो काळ आम्ही टाळलाच होता, पण पहाटे एकट्याने झाडीत जायचं नाही हे सगळ्यांना लेखी कळवलंय. सगळ्यांना म्हणजे विशेषतः गनरला, कारण त्याला पहाटे कॅमेरा घेऊन भटकायची खोड आहे.

चंद्रप्रभा अभयारण्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५७ साली गीरमधून इथे एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून सोडल्या होत्या. १९६५ पर्यंत त्यांचे अकरा झाले. त्यानंतर सगळे नाहीसे झाले. आणण्याची योजना होती, आणल्यानंतरची नव्हती, असं माझं मत. आपल्याकडे उद्घाटनाचं नियोजन उत्तम होतं.

या मुलखाचा सैनिकी इतिहासही नियोजनाच्याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १६ ऑगस्ट १७८१. वॉरन हेस्टिंग्ज काशीत येतो आणि पैशाच्या मागणीवरून राजा चेतसिंहाला शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात अटक करतो. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन कंपन्या. फक्त त्यांनी दारूगोळा आणलेलाच नव्हता. तो घेऊन दुसरी तुकडी निघेपर्यंत रामनगरहून राजाची माणसं नदी पार करून आली, पहाऱ्यावरचे शिपाई कापले गेले, आणि चेतसिंह खिडकीतून पागोट्यांच्या दोरावरून खाली उतरून होडीने निसटला. पुढे खुद्द हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्यावर पळावं लागलं. चेतसिंहाने आपला खजिना आणि घरची माणसं विजयगडावर ठेवली होती, तो गड मेजर पॉपहॅमने नोव्हेंबरात घेतला. राजा मात्र हाती लागला नाही. त्याला आसरा दिला महादजी शिंद्यांनी, आणि १८१० मध्ये तो ग्वाल्हेरलाच वारला. शिवाला घाटावर गेलो की मला ते दारूगोळ्याविना उभे असलेले शिपाई आठवतात. सामानाची यादी दोनदा तपासण्याबद्दल ग्रुपवर चेष्टा झाली, तेव्हा मी हीच गोष्ट पाठवली.

आता आकडे, कारण अशा सहलीचा खरा हिशेब पाण्याचा आणि उजेडाचा असतो. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर. दहा माणसं, चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो. रोज. हे पाठीवर नेणं शक्य नाही, म्हणून मुक्काम असे निवडले की तिथपर्यंत कच्च्या रस्त्याने जीप येईल. वाटेत प्रत्येकाजवळ दोन लिटर, आणि भरून घेतलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. तहान लागलीय म्हणून दहा मिनिटांत प्यायचं नाही. मच्छरदाणी लावलेले तंबू, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट. सोनभद्र-मिर्झापूरचा मलेरिया नावाजलेला आहे.

वेगासाठी नेस्मिथचा नियम वापरतो. १८९२ मध्ये एका स्कॉटिश गिर्यारोहकाने घातलेला, आजही उपयोगी: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवायचा. चौदा किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ म्हणजे सव्वातीन तास. पण हा एकट्या धडधाकट माणसाचा वेळ. दहा जण, पाठीवर ओझं, वय सतरा ते एकोणसाठ, फोटो, चहा, एकाची बुटाची नाडी. मी सहा तास धरले आहेत. सकाळी सातला निघायचं, दुपारी दोनला जिथे असू तिथून पुढचा निर्णय, आणि चारच्या आत तंबू उभे. पुण्याच्या मंडळींना हे फार कडक वाटलं. त्यांना सांगावं लागलं की भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते इथून जवळच, मिर्झापुरावरून जातं. नोव्हेंबरअखेर पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, इथे सव्वापाचच्या आतच अंधारायला लागतं. पुणेकराच्या अंगातलं घड्याळ इथे पाऊण तास मागे असतं.

परवानगीचं काम रामनगरच्या वन्यजीव कार्यालयातून. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम नाही, म्हणून पहिली रात्र जी जागा ते दाखवतील तिथे, दुसरी आणि तिसरी पठारावर, नौगढच्या धरणाच्या बाजूला, गावच्या लोकांना विचारून. चौथ्या दिवशी गाडीने विजयगडाच्या पायथ्याशी जाऊन गड चढायचा. एक परदेशस्थ मित्र उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र आणतो म्हणाला. त्याला तातडीने कळवलं, बाबा, आणू नकोस. आपल्याकडे असलं यंत्र विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि तुझी सहल विमानतळावरच संपेल.

जेवणात सातू, लिट्टी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे. यावर वाद झाला नाही.

राहिला सॅपर.

सॅपर म्हणजे आमचा इंजिनिअर्समधला कोर्समेट, आता निवृत्त होऊन पुण्यात. कॅम्प तोरण्याला माझा घोटा सुजला होता तेव्हा दीड दिवस माझी रायफल त्याच्या खांद्यावर होती, आणि याचा उल्लेख त्याने पंचवीस वर्षांत एकदाही केलेला नाही. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले. नावनोंदणीत त्याचं नाव पहिलं होतं.

ऑक्टोबरात एका रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही त्यांना नाही म्हणा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही. मी दोन दिवस मागून घेतले. पर्याय लिहून काढले. त्याला वगळलं, तर उद्देशाच्या ओळीत दहाचे नऊ करायचे. तेही चालतं, फौजेत मेडिकल कॅटेगरी याचसाठी असते. जसं आहे तसं नेलं, तर मी त्याच्या भिडेपोटी बाकीच्या नऊ जणांची जोखीम वाढवतोय. तिसरा पर्याय त्याच्या हृदयाच्या हिशेबाने बाकीची योजना बदलायचा.

मी त्याला तीन अटी पाठवल्या. हृदयरोगतज्ज्ञाचं पत्र आणि ट्रेडमिल टेस्टचा ताजा रिपोर्ट. तीन आठवडे दर रविवारी सिंहगड, पाठीवर सात किलो, बोलता बोलता चढता आलं पाहिजे. आणि इथे आल्यावर चालताना त्याची जागा पुढून दुसरी, मागे नाही. मागे राहिलेला माणूस विश्रांतीच्या जागी पोहोचतो तेव्हा पुढचे निघायच्या तयारीत असतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. पुढे मी, मग तो, वेग त्याचा. गनरची बायको डॉक्टर आहे, ती त्याच्या लगेच मागे, तिच्या पिशवीत काय काय हवं ते तिनेच ठरवायचं. रोजच्या रस्त्यात दोन ठिकाणी जीप भेटेल, आणि दोघांपैकी कुणीही 'पुरे' म्हटलं की तो गाडीत बसेल. यावर चर्चा नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "रॉजर."

वहिनींना मी फोन केला. त्यांनी एकच विचारलं. "आणि तिथे काही झालं तर?"

मी खोटा धीर दिला नाही. सांगितलं की पठारावर बऱ्याच जागी मोबाइल लागत नाही, प्रत्येक मुक्कामापासून नेटवर्क कुठवर येतं ते नकाशावर खुणा करून ठेवलंय. एक गाडी रात्री कायम निघण्याच्या तोंडाने उभी, टाकी भरलेली, चालक दारू न प्यायलेला. तरीही धरणापासून बीएचयूच्या हॉस्पिटलपर्यंत अडीच तास धरून चाला. पहिला एक तास महत्त्वाचा असतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि तो तास आपल्याकडे नसेल.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मागे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगितलंत?"

"जसंच्या तसं."

"काय म्हणाले?"

"अडीच तास म्हणजे रस्ता बरा असला पाहिजे, म्हणाला. सॅपर आहे ना."

त्या हसल्या. नंतर म्हणाल्या, सिंहगडाच्या तिन्ही रविवारी मीच त्यांच्याबरोबर जाणार आहे, म्हणजे बोलता बोलता चढतात की नाही ते मला कळेल. दोन रविवार झालेत. पहिल्याला त्याला एक तास पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्याला एक तास पस्तीस. रिपोर्ट आला, डॉक्टरांचं पत्र आलं, त्यात एका औषधाची वेळ बदलली आहे ती यादीत चढवली.

काल रात्री परत फोन होता. "भाऊजी, पाठीवर सात किलो मीही घेतले होते या वेळी. मला एक तास वीस लागली. माझंही नाव घाला."

म्हणजे आता अकरा. उद्देशाची ओळ दुरुस्त केली, तंबू एक वाढवला. पाणी रोजचं चव्वेचाळीस लिटर, म्हणून वीस लिटरचे दोन कॅन होते त्यांचे तीन करायचे, आणि ते जीपमध्ये बसतात का ते उद्या सकाळी बघायचंय.