वाघाच्या वाटेवरचा जिल्हा

मुलांनो, भंडारा जिल्ह्याचा नकाशा जरा उघडा बरं! पूर्वेकडे नागझिऱ्याचं जंगल दिसेल. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याचा बराच भाग तिकडे गेला. कोक्याचं जंगल मात्र भंडाऱ्यातच राहिलं. आता नैर्ऋत्येला पवनीकडे या. इथे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. सरळ रेघ मारली तरी नागझिऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटर! आणि मधे काय? धानाच्या बांध्या, गावं, मामा तलाव (मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे हं, ‘माजी मालगुजारी’!), धडधडता राष्ट्रीय महामार्ग आणि रुंद वैनगंगा.

हे सगळं ओलांडून २०१३ मध्ये एक तरणा वाघ नागझिऱ्याहून कऱ्हांडल्याला पोचला. त्याचं नाव जय. ‘शोले’तला जय, आणि भावाचं नाव अर्थातच वीरू!

पण हा तोच वाघ, हे कळलं कसं? पट्ट्यांवरून. आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. गंमत म्हणजे त्याची डावी कूस उजवीसारखी नसते! म्हणून जंगलातल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. वाघ समोरून गेला की आपोआप फोटो निघतो. मग जुने-नवे फोटो शेजारी ठेवून पट्टे जुळवायचे. डोळे दुखवणारं काम आहे ते!

पुढे जयच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. तो कुठे फिरतो, ते तिच्या संदेशांवरून समजे. एप्रिल २०१६ मध्ये संदेश थांबले. खूप शोध घेतला, पण जय सापडला नाही.

त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ मेला, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण विजेच्या तारेला डुक्कर कोण, वाघ कोण, रात्री पाणी द्यायला आलेला माणूस कोण, काही कळत नाही.

नागझिऱ्यात वाघ कमी झाले होते. म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी, गळ्यात कॉलर घालून, तिथे आणून सोडल्या. जय पायी गेला होता. या दोघी मात्र आल्या गाडीतून!